आबांनी हात दिला का?

एस्तेर दिघाशीकरला एखाद्या गोष्टीचं उत्तर सापडलं आणि ती गप्प बसली, असं मी कधी पाहिलं नाही. उत्तरातून तिला दुसरा प्रश्न सापडायचा आणि तो ती मला विचारायची. मलाच का, ते देव जाणे. तिचा किंवा माझा, जो कोणी मोकळा असेल तो. मी गणिताची बाई, शिवाय शाळेचं वेळापत्रक माझ्याकडे. मला एका चौकोनात एकच नाव लागतं. आणि ही मधल्या सुट्टीत माझ्यासमोर डबा उघडून बसणार आणि म्हणणार, "सुनंदा, लिहिलंय ते खरं. पण म्हणजे करायचं काय?"

लिहिलंय म्हणजे तिच्या शास्त्रात. एस्तेर ज्यू होती. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना पूर्वी गावोगाव शनिवार तेली म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. तिचं घराणं मूळचं दिघाशीचं. घाणा कधीच मोडला, जमीनही विकली गेली. उरलं ते आडनाव आणि शनिवार. तिच्या लहानपणी भिवंडीत त्यांची बऱ्यापैकी घरं होती म्हणे. मी ओळखायला लागले तेव्हा एकच होतं आणि त्यात माणसं दोन, एस्तेर आणि तिचे वडील, आबा. धाकटी बहीण लग्न करून इस्राएलला गेली होती. एस्तेरने लग्न केलं नव्हतं. का, ते तिनं मला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आता मलाच नक्की आठवत नाही गं."

आमची ओळख भांडणातून झाली. ती शाळेत विज्ञान शिकवायला आली आणि पहिल्याच आठवड्यात हेडसरांनी मला सांगितलं, दिघाशीकर बाईंना शनिवारी तास द्यायचे नाहीत. बदल्यात त्या इतर दिवशी जादा तास घेतील. सांगायला काय जातं? माझं बसवलेलं वेळापत्रक मुळापासून उसवलं. मी तणतणत स्टाफरूममध्ये गेले आणि विचारलं, "अहो बाई, शनिवारी तुम्ही असं करता तरी काय?"

"काही नाही," ती म्हणाली.

"काही नाही म्हणजे?"

"काही करायचं नाही, एवढंच करायचं असतं. पण ते जमत नाही हो. सकाळपासून बसते आणि डोक्यात सगळा आठवडा चालू असतो. तुम्हाला येतं का, काही न करता बसता?"

मी भांडायला गेले होते. आणि थोड्या वेळाने पाहते तर मी तिच्याशेजारच्या खुर्चीवर बसून, काही न करता कसं बसावं याचा सल्ला तिला देत होते. मला स्वतःला दोन मिनिटं रिकामं बसता येत नाही. पण त्या बाईच्या तोंडावर असा काही खरोखरचा गोंधळ असायचा, की समोरच्याला आपण शहाणे असल्याचा भास व्हायचा.

आणि भिवंडीत बसून विश्रांतीचा विचार करायचा म्हणजेही कमालच. तिच्या बिल्डिंगच्या मागच्या अंगाला लूमची शेड. एक शिफ्ट सुटली की दुसरी लागणार, खटखट काही थांबणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायच्या आधी एस्तेर मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवून द्यायची आणि शनिवारी तो तांदळात वाजत राहायचा. बहुतेक वेळा मानकोलीच्या गोडाऊनवरून निघालेला पार्सलवाला पोरगा असायचा. एका सोमवारी ती म्हणाली, "शास्त्रात नुसती मला सुट्टी नाहीय सुनंदा. चाकराला आहे, जनावराला आहे, दारात आलेल्या परक्यालाही आहे. मी फोन उचलला नाही म्हणून तो पोरगा दोनदा जिना चढला. शब्बाथ, ही शनिवारची विश्रांती, माझी झाली आणि दमला तो. मग मी पाळलं काय?"

"मग मागवत जाऊ नकोस काही," मी म्हटलं.

तिनं मागवणं बंद केलं. महिन्याभराने परत आलीच. "मी मागवत नाही म्हणून त्याचं पार्सल कमी झालं. त्याला पार्सलवर पैसे मिळतात. हे कसं करायचं?" मी हात टेकले.

तिच्या सणांची नावं ऐकून मला वाटायचं, ही आमच्याच स्वयंपाकघरातून गेलेली आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. मोठा उपास असतो तो किप्पूर, त्याला ते दरफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारं-खिडक्या बंद करून, पांढरे कपडे घालून घरातच राहायचं. बाहेरच्यांशी बोलायचंही नाही, शिवायचंही नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडायचं, तो शिळा सण. त्या दिवशी एकमेकांकडे जायचं. तिच्याकडे जाणारं आता कोणी नव्हतं, म्हणून दर वर्षी मी जायचे. लोक आठ-आठशे मैलांवर जाऊन मनःशांतीची शिबिरं करतात आणि ही एका खोलीच्या दाराला कडी लावून काय शोधत असेल, याचं मला कुतूहल होतं. विचारलं तर म्हणाली, "मी पण तेच शोधते, की मी काय शोधते."

पण नुसतं बोलून सोडणाऱ्यातली ती नव्हती. लिहिलंय ना, मग आज, इथे, या गावात त्याचं काहीतरी केलंच पाहिजे, असा तिचा हट्ट. शास्त्रात सांगितलंय की पीक कापताना शेताचा कोपरा कापू नये, गरिबांसाठी ठेवावा. दिघाशीचं शेत गेलं, आता कोपरा कसला ठेवणार? तर हिनं डब्यातली शेवटची पोळी ठेवायला सुरुवात केली. रोज. कोणासाठी ते ठरलेलं नाही. ज्याला लागेल त्यानं घ्यावी. बऱ्याचदा ती मीच खाल्ली. मी काही गरीब नव्हते, पण तिच्या पोळ्या फार मऊ असत.

आणि तो बैलाचा किस्सा तर शाळेत अजून सांगतात. मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसकं बांधू नये, त्याला खाता खाता काम करू द्यावं, असाही एक नियम आहे त्यांच्यात. स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहुण्यांसाठी वडे आले होते आणि आमचा शिपाई कमळाकर सकाळपासून उपाशीपोटी ताटं फिरवत होता. एस्तेरने त्याला अडवलं आणि सगळ्यांदेखत वडा हातात देऊन म्हणाली, "आधी तुम्ही खा. मळणीच्या बैलाला मुसकं बांधायचं नसतं." कमळाकर वडा घेऊन तडक हेडसरांकडे गेला. "सर, बाई मना बैल बोलल्या. मी काय बैल हाय काय? आनि वडा पन दिला. आता रागावू का खाऊ, ते सांगा." हेडसरांनाही ठरवता येईना. त्यांनी मला बोलावलं, जशी काही मी दुभाषी. मी एस्तेरला चांगली झापली. ती इतकी कावरीबावरी झाली की कमळाकरच्या मागे मागे व्हरांडाभर माफी मागत फिरली. शेवटी त्याने वडा खाल्ला आणि म्हणाला, "जाऊ दे बाई. पन दुसऱ्या कोनत्या जनावराचा नियम न्हाय का तुमच्यात?" एस्तेर तिथेच विचारात पडली.

अशी ही माझी मैत्रीण. पण मला जे सांगायचंय ते आबांचं.

आबा म्हणजे पूर्वी जकात नाक्यावर कारकून होते. उंच, काटकुळे, बोलणं मोजकं. घरात सगळी प्रार्थना तेच चालवत, कारण सिनेगॉग ठाण्याला आणि सणाच्या दिवशी वाहनात बसायचं नाही. एस्तेरला हिब्रू वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी कधी त्यांच्याकडे असले तर एक गोष्ट बघायला मला फार आवडायची. दिवे लागले, किसमिसाच्या सरबतावर प्रार्थना झाली, की आबा दोन्ही हात पुढे करायचे. एस्तेर आपले तळवे त्यांच्या तळव्यांना लावायची, आणि मग दोघंही आपापली बोटं ओठांना लावायची. बस, एवढंच. त्यांच्यात याला हात देणं म्हणतात. थोरल्यानं द्यायचा, धाकट्यानं घ्यायचा. पन्नाशी उलटलेली एस्तेर त्या क्षणी शाळेतून आलेल्या मुलीसारखी दिसायची. मला माझ्या वडिलांनी कधी साधं डोक्यावर थोपटलं नाही, त्यामुळे असेल, मला ते बघून भरून यायचं.

आबांना मधुमेह होता. डॉक्टरांनी उपासाला साफ मनाई केली होती आणि त्यांच्या शास्त्रातही आजाऱ्याने उपास करू नये असंच आहे. जीव वाचवणं सगळ्यांत मोठं, नियम जगण्यासाठी असतात. आबांना हे पाठ होतं. तरी ते उपास करायचे. लहानपणापासून एक दरफाळणी मोडली नव्हती.

त्या वर्षी दिवस मावळायला आला होता. शेवटची प्रार्थना चालू होती. तिला नेईला म्हणतात. आकाशाचं दार मिटायच्या आधीची, वर्षातली सगळ्यांत मोलाची. आबा खुर्चीत बसून म्हणत होते आणि म्हणता म्हणता थांबले. डोळे मिटले, मान खाली गेली. एस्तेरने हाक मारली, उत्तर नाही. हात लावून पाहिला तर घामाने गार. तिनं धावत जाऊन साखरेचं पाणी आणलं आणि चमच्याने त्यांच्या ओठांत सोडलं. आबांनी डोळे उघडले. तोंडातलं पाणी गिळलं गेलंच होतं. त्यांनी चमचा बाजूला केला आणि म्हणाले, "मी प्रार्थनेत होतो."

हे एस्तेरने मला दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला सांगितलं. आबा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजले होते.

"घाम आला होता ना? मग शुद्ध गेलीच होती त्यांची," मी म्हटलं.

"खिडक्या बंद होत्या सुनंदा. घाम मलाही आला होता."

त्या शुक्रवारी दिवे लागले, सरबत झालं आणि आबांनी हात मांडीवरच ठेवले. एस्तेर तळवे पुढे करून उभी राहिली आणि मग तिनं ते मागे घेतले. पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. बाकी घरात सगळं ठीक होतं. तिनं केलेलं जेवायचे, औषधं घ्यायचे, पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. फक्त हात देईनात.

माझं डोकंच फिरलं. आजवर मी तिच्या घरच्या गोष्टीत कधी पडले नव्हते, पण एका रविवारी ती बाजारात गेलेली असताना मी आबांसमोर जाऊन बसले आणि सरळच म्हटलं, "आबा, तुमच्या मुलीनं तुमचा जीव वाचवला आणि तुम्ही रुसून बसलात?"

ते शांतपणे म्हणाले, "बाई, माझा जीव गेलाच नव्हता."

"तुम्ही ओ देत नव्हतात."

"सगळं आयुष्य नेईला म्हणतोय. मधेच मनात येतं, दूध आणायचंय, बिल भरायचंय. त्या दिवशी पहिल्यांदा काही आलं नाही. शांत होतं. लूमसुद्धा ऐकू येत नव्हते. तेवढ्यात तोंडात चमचा."

"पण आबा, बेशुद्ध पडताना असंच वाटतं. काही ऐकू येत नाही."

ते म्हणाले, "तेच तर. आता मला कसं कळणार? मी पोचलो होतो की पडलो होतो? तिनं थोडं थांबायला हवं होतं."

"थांबली असती आणि तुम्ही गेला असतात तर?"

"तर कळलं असतं," आबा म्हणाले.

मी चपला घालून निघाले. जिन्यात शेजारच्या शकीला आपा भेटल्या. त्यांचं दार एस्तेरच्या दाराला लागूनच. त्यांनाही विचारून पाहिलं, त्या संध्याकाळी काही ऐकलं का. म्हणाल्या, "चाचा की आवाज आ रही थी, फिर बंद हो गई. अब सो गए थे, या दुआ में थे, या तबीयत बिगड़ी, दरवाज़ा बंद था टीचर, मैं क्या बताऊँ?"

मग वर्षभर एस्तेर वाचत राहिली. स्टाफरूममध्ये, रिक्षात, पेपर तपासता तपासता. हेडसरांच्या भाषणात मांडीवर पुस्तक ठेवून. जीव वाचवणाऱ्याने क्षमा मागायची का? मग वाटायचं, चूक नसेल पण दुखावलं तर आहेच, त्याची मागायची का? आणि माफी मागितली तर पुन्हा वेळ आली तर पाणी द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ होतो का? मला म्हणायची, "लिहिलंय, जीव वाचव. आणि लिहिलंय, बापाचा मान राख. दोन्ही एकाच हाताने लिहिलंय. करायचं काय?" एकदा तिनं मलिदा केला. मनातली इच्छा पुरी व्हावी म्हणून ते एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने करतात, गोड पोहे, खोबरं, फळं. आबांनी प्रार्थना म्हटली, चवीने खाल्ला, वेलची जरा कमी आहे म्हणाले. शुक्रवारी हात मांडीवरच.

त्यांच्यात दरफाळणीच्या आधी सगळ्यांची क्षमा मागायची असते. माणसाशी केलेलं माणसानेच माफ करायचं, तिथे देवाचं काही चालत नाही. हे मला आवडलं. एस्तेर दर वर्षी स्टाफरूममध्ये सगळ्यांची मागायची. कमळाकरची तर दोनदा. त्या वर्षी तिनं आबांची मागितली. ते "हं" म्हणाले. दुसऱ्यांदा मागितली, ते पेपर वाचत राहिले. तिसऱ्यांदा मला समोर बसवून मागितली. ते म्हणाले, "दिवाबत्तीची वेळ झाली."

जिन्यापर्यंत सोडायला आली तेव्हा मी म्हटलं, "तीनदा झालं ना? नियम काय म्हणतो?"

"तीनदा मागूनही दिली नाही, तर मागणारा सुटला. दोष न देणाऱ्याचा."

"मग सुटलीस. संपलं."

"पण गुरू असेल तर तीनदा नाही. गुरूकडे कितीही वेळा जायचं. आणि वाचायला मला आबांनीच शिकवलंय." ती कठड्याला टेकून उभी राहिली. "वडील म्हणून मी सुटले आणि गुरू म्हणून अडकले. आणि परवा दरफाळणी आहे. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हझानसाहेबांनी फोनवर सांगितलं त्यांना, तुम्हाला उपास करायचा अधिकारच नाही. आबा बरं म्हणाले. आणि मला माहितीय, ते करणार."

"मग तू काय करणार?"

"गेल्या वर्षी विचारलं नाही. यंदा विचारणार. देऊ का पाणी, म्हणून."

"आणि ओ दिली नाही तर?"

मला माझी जीभ चावावीशी वाटली. मी म्हटलं, "एस्तेर, ओ नाही दिली तर सरळ पाज. शंभर वर्षं हात नाही दिला तरी चालेल."

"तुला चालेल," ती म्हणाली. रागाने नाही. खरंच तिला तसं वाटत होतं.

दरफाळणी बुधवारी होती. दिवसभर शाळेत माझं लक्ष नव्हतं. फळ्यावर मी एक उदाहरण चुकीचं सोडवलं आणि मुलींनी ते दाखवून दिलं. संध्याकाळी तिच्या बिल्डिंगवरून जाताना वर पाहिलं, खिडक्या लावलेल्या होत्या. जिन्यापर्यंत जाऊन परत फिरले. त्या दिवशी दार वाजवायचं नसतं.

गुरुवारी सकाळी, शिळ्या सणाला, मी नेहमीसारखी फळं घेऊन गेले. दार उघडं होतं. शकीला आपा डोक्यावर पदर घेऊन दारातच बसल्या होत्या, आणि त्यांचं तोंड बघूनच मला कळलं. आबा पहाटे झोपेतच गेले होते. पांढऱ्या कपड्यातच होते. एस्तेर त्यांच्या पायाशी बसली होती आणि मला पाहून तिनं रडायला सुरुवात केली नाही, काही नाही. म्हणाली, "ये. बस. मला तुला विचारायचंय."

मग तिनं सांगितलं. दिवस मावळत आला, आबा नेईला म्हणता म्हणता थांबले. डोळे मिटले. ती ग्लास घेऊन तयारच होती. तिनं विचारलं, "आबा, देऊ का?" ओ नाही. परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आत आबांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"एक की दोन?" मी विचारलं.

"एकच. उजवा. डाव्याने खुर्ची धरलेली होती. मला वाटलं, हात देतायत. मी ग्लास खाली ठेवला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. मग सोडला. आणि त्यांनी बोटं ओठांना लावली सुनंदा. अशी."

"मग झालं तर. दिला त्यांनी हात."

"मलाही तेच वाटलं. मी पण लावली. पण त्यांची बोटं तिथेच राहिली, ओठांवर. माझ्याकडे बघत होते. मग माझ्या मनात आलं, पाणी मागतायत का? मी ग्लास पुढे केला. आणि ते प्यायले. सगळं प्यायले. सूर्य मावळला होता की नव्हता तेही मला माहीत नाही, खिडकी बंद होती." ती बोलता बोलता थांबली. "पहिल्यापासून पाणीच मागत होते का गं? हात ग्लाससाठी केला होता का? आणि मी तो ग्लास खाली ठेवला?"

"नंतर विचारलं नाहीस?"

"जेवले दोन घास. दमले होते. म्हटलं, कशाला आत्ता. परवा शुक्रवार आहे, कळेलच."

मी तिला जवळ घेतलं. बाहेर शकीला आपा कोणाला तरी फोनवर हळूहळू सांगत होत्या, आणि मागे लूम चालू होते. दुपारी ठाण्याहून माणसं आली आणि त्यांनी सगळं रीतीने केलं.

त्यानंतर एस्तेर बदलली असं म्हणता येणार नाही. डब्यातली पोळी ठेवायची, शनिवारी यायची नाही. फक्त शास्त्रातलं काही विचारायची बंद झाली. मधली सुट्टी शांत जायला लागली. मला ती शांतता आवडायला हवी होती, आणि मला ती अजिबात सहन होईना. मीच उकरून विचारायचे, "काय वाचलंस?" ती म्हणायची, "वाचते. कळत नाही." पूर्वीही तिला कळत नव्हतंच, पण तेव्हा न कळण्यात तिला गंमत वाटायची.

वर्षभराने ती निवृत्त झाली आणि बहिणीने हट्टच धरला, इकडे ये. घर विकायला काढलं. जायच्या आधीच्या शुक्रवारी तिनं मला बोलावलं. घरात सामान बांधलेलं, दोन खुर्च्या उरलेल्या. तिनं दिवे लावले, आबांची प्रार्थना आपणच म्हटली, किसमिसाचं सरबत मला दिलं. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"सुनंदा, एक कर. तुला तहान लागलीय, असं मला सांग. बोलायचं नाही."

मी हात तोंडाकडे नेला. ती नीट बघत होती.

"आता हात घे." तिनं दोन्ही हात पुढे केले. आता त्या घरात थोरली तीच होती. मी माझे तळवे तिच्या तळव्यांना लावले आणि बोटं ओठांना लावली, जशी इतकी वर्षं त्या दोघांना लावताना पाहिली होती. ती मात्र लावायची विसरली, नुसती बघत राहिली.

"परत," ती म्हणाली. "आधी तहान."

मी परत केलं. मग परत हात घेतला. मग परत. कितीदा ते मला सांगता येणार नाही. शेवटी मी चिडले. "एस्तेर, पुरे आता. हात दिला त्यांनी तुला. मी सांगते ना."

"तू कशी सांगतेस? दार बंद होतं."

"मला माहितीय."

"कसं माहितीय?"

मला रडू यायला लागलं. तिनं माझे हात धरले होते ते सोडले आणि माझी बोटं आपोआप तोंडाशी गेली. घसा कोरडा पडला होता, आणि ती परवा जाणार होती, आणि परत कधी दिसणार नव्हती.

एस्तेर पुढे वाकली. "हे आत्ता काय केलंस? तहान की हात?"

मी सांगायला तोंड उघडलं. आणि खरं सांगते, मला सांगता आलं नाही. मलाच माहीत नव्हतं.

मग वर्षभरात पहिल्यांदाच ती हसली, पूर्वी न कळलेलं काही सापडलं की हसायची तशी, आणि उठून माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.